डावी बाजू

"भात येऊ द्या, मंग सुरू करू," बळवंतराव इंगोले तिसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी मांडी बदलली.

त्यांच्यासमोरच्या ताटात काकडीच्या दोन होड्या होत्या, टोमॅटोचा एक गुलाब होता, रशियन सॅलडचा पांढरा ढीग होता, मोड आलेले मूग होते आणि कडेला मॅकरोनी होती. ताटं वाढून चांगली पंधरा मिनिटं झाली होती आणि एकानेही घास उचलला नव्हता. सगळे भाताची वाट पाहत होते. भात येणार नव्हता, कारण तो केलेलाच नव्हता.

हे ठाऊक होतं फक्त मला आणि आईला. आई माझ्याकडे पाहत नव्हती. ती तलावाकडे पाहत होती.

"आमच्याकडं घाई नाई," बळवंतराव म्हणाले. "सावकाश येऊ द्या."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली, अमरावतीची. मी तेव्हा ज्योत्स्ना गावंडे होते. वय तेवीस, गृहविज्ञानाची पदवी, आणि त्या पदवीमुळे नाक जरा वर. मुकुंद इंगोले दर्यापूरच्या कॉलेजात शिकवायचा आणि जवळच्या गावातल्या आपल्या घरून मोटरसायकलने जा-ये करायचा. मैत्रिणीच्या लग्नात आमची ओळख झाली, मग तीन पत्रं त्याची आली आणि चार माझी गेली. तो मला आवडला होता. त्या काळात मुलीने असं म्हणायची पद्धत नव्हती म्हणून मी कुणाला म्हटलं नव्हतं, पण आईला ते सातव्या पत्राच्या आधीच कळलं होतं.

अडचण होती त्याच्या आईची. गोदावरीबाई इंगोल्यांच्या घरी मुलगी पाहायची म्हणजे तिच्या हातचं खाऊन पाहायची. त्यांनी याआधी दोन मुली नापास केल्या होत्या. एकीचं वरण पातळ होतं म्हणून, आणि दुसरीचं सगळं चांगलं होतं पण तिने वाढताना डावाने भांड्यावर टकटक केलं म्हणून. यंदा त्यांना उन्हाचा त्रास होत होता, तेव्हा त्यांनी निरोप धाडला की मी येत नाही, आमच्या ननंदबाई येतील, त्या पोरीच्या हातचं खातील आणि मला सांगतील, मग काय ते ठरवू.

म्हणजे सगळं एका जेवणावर आलं होतं. आणि त्या जेवणाबद्दल मुकुंदने तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं, "घरात बसून पोहे नकोत. बाहेर कुठेतरी जाऊ. नेहमीसारखं नको, काहीतरी वेगळं कर."

वेगळं म्हणताच माझ्या अंगात आलं. त्याच उन्हाळ्यात महिला मंडळात पुण्याच्या बापटबाईंचा सात दिवसांचा वर्ग झाला होता, 'उन्हाळी सॅलड्स आणि सहलीचे पदार्थ'. बापटबाई बिनबाह्यांचं पोलकं घालायच्या आणि टरबुजाला कलिंगड म्हणायच्या. "उन्हाळ्यात जेवायचं ते डोळ्यांनी," असं त्या सांगायच्या. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आईचं म्हणणं साधं होतं. "रोडगे कर. वांग्याची भाजी कर, डाळ कर. झाडाखाली बसून खातील आन् हो म्हणतील."

आमच्या वऱ्हाडात सहल म्हणजे रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे, आणि जाळ निघेल अशा वांग्याच्या रश्श्याबरोबर खायचे. खाऊन झाल्यावर माणूस जिथे बसला असेल तिथेच आडवा होतो. मला ते मागासलेलं वाटायचं.

"आई, ते लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. तोंडात रोडगा असताना कोणाले बोलता येते?"

पण मी ऐकलं नाही. पहाटे चारला उठले आणि चिरायला बसले. आईने गुपचूप मसालेभाताचा डबा भरला होता, तो मी निघताना तिच्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. भात असला की सगळे भातच खातात आणि सॅलड तसंच राहतं, हे बापटबाईंनी बजावलं होतं.  आईने फक्त डब्याचं झाकण घट्ट लावलं.

गावाबाहेर तलावाजवळ एक सरकारी बाग होती. तिथे आंब्याच्या सावलीत मी चौकटींची चादर पसरली. ती मुळात आमच्या पुढच्या खोलीचा पडदा होता. कागदी रुमालांचे पंखे करून ताटांत ठेवले. घमेल्यात बर्फाची लादी ठेवून तिच्यावर भांडी मांडली. मधोमध टरबुजाची टोपली, तिला टरबुजाचीच कडी, आणि आत टरबुजाचेच गोळे. बाबा हेडमास्तर होते. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात पदार्थांची यादी लिहून पुठ्ठ्यावर चिकटवली होती आणि खाली तळटीप दिली होती की सर्व भाज्या पोटॅशच्या पाण्याने धुतलेल्या आहेत.

पाहुणे वेळेवर आले. बळवंतराव म्हणजे भरदार, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, धोतराला कडक इस्त्री. मुकुंद पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. आणि मागून द्वारकाआत्या. बळवंतरावांची ही थोरली बहीण एकोणिसाव्या वर्षी नवरा गेल्यावर माहेरी आली ती तिथेच राहिली, एवढं मुकुंदने लिहिलं होतं. काडीसारखी बारीक बाई, फिकट नऊवारी लुगडं. ती माझ्या पाया पडण्याकडे न पाहता माझ्या हातांकडे पाहत होती. मीही तिचे हात पाहिले. उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर बारीक काळ्या रेघांची जाळी होती.

ताटं वाढली आणि ती वाट पाहणं सुरू झालं.

आता यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे ताटाला डावी बाजू असते आणि उजवी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, वरण. मध्ये भात. डावी बाजू आधी वाढून ठेवतात, ती नुसती तोंडी लावायची. पानात भात पडतो, वर वरण, वर तूप, मग कुणीतरी श्लोक म्हणतं आणि मग पहिला घास. तोवर हात मांडीवर ठेवायचे. मी त्यांच्या ताटात डावीकडे डावी बाजू वाढली होती आणि उजवीकडेही डावीच. ते सज्जन माणसासारखे पुढच्याची वाट पाहत होते.

"प्रस्तुत ताटामध्ये," बाबा म्हणाले, कारण कुणीच बोलत नव्हतं, "जीवनसत्त्व 'क' विपुल प्रमाणात आहे."

"बरोबर हाय गुरुजी," बळवंतराव म्हणाले. "पन भात?"

बाबा माझ्याकडे झुकून कुजबुजले, "ज्योत्स्ना, भात टांग्यात राहिला का?" म्हणजे यादी लिहून, तळटीप देऊनसुद्धा त्यांनाही भात येईल असंच वाटत होतं.

ऊन चढत होतं. आमच्याकडचा मे म्हणजे सावलीतही चव्वेचाळीस. बर्फाची लादी साबणाच्या वडीएवढी उरली. रशियन सॅलडचा ढीग खचायला लागला. काकडीला मी घरूनच मीठ लावून आणलं होतं, तिला पाणी सुटलं आणि होड्या आतून भरल्या. कोबीच्या पानांची शिडं माना टाकून पाण्यात पडली. टोमॅटोचा गुलाब उचलून मुकुंदने सगळ्या बाजूंनी पाहिला, कुठून सुरुवात करावी हे त्याला कळेना, आणि त्याने तो हलकेच परत ठेवला.

नेमकं तेव्हाच वारं फिरलं. बागेच्या पलीकडच्या टोकाला कुणाची तरी रोडग्यांची पार्टी चालली होती. गोवऱ्यांचा धूर आला, आणि धुरामागून वांग्याच्या रश्श्याचा वास आला. आमच्या चादरीवर सहा माणसं होती. सहाही माणसांनी तो वास घेतला आणि सहाही जणांनी घेतला नाही असं दाखवलं.

"मी जरा हात धून येतो," बळवंतराव उठत म्हणाले. त्यांनी हात आल्याबरोबर धुतले होते. नळ आमच्या डाव्या हाताला होता. ते उजवीकडे गेले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"इंगोले पाटलांना रस्ता सापडत नसेल," बाबा म्हणाले. "मी पाहून येतो. पाहुण्यांना एकटं सोडणं शिष्टाचाराला धरून नाही." ज्या माणसाने शाळेत वीस वर्षं शिस्त लावली तो माणूस बूट न घालता, मोज्यांवर, धुराच्या दिशेने चालत गेला.

मग मुकुंद उरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफी होती आणि भूक होती, आणि भूक जास्त होती.

"मी दोघांना घेऊन येतो," तो म्हणाला.

"ये घेऊन," मी म्हणाले.

तोही आला नाही. आमच्याकडे रोडग्यांच्या पार्टीत वाट चुकलेल्या माणसाला नाव विचारत नाहीत, ताट देतात. लांबून बळवंतरावांचं हसणं ऐकू आलं, आणि त्यावर बाबांचं. बाबांना इतक्या मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

चादरीवर आता आम्ही तिघी बायका आणि सहा भरलेली ताटं. एक पिवळं कुत्रं येऊन द्वारकाआत्यांच्या मागे बसलं होतं. आत्या तशाच ताठ, हात मांडीवर. त्यांनी अजून एक शब्द उच्चारला नव्हता. माझं लग्न या बाईच्या तोंडात होतं आणि ते तोंड मिटलेलं होतं.

आईने माझ्या पाठीत बोट टोचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी चौकटीच्या चादरीला पुसलं आणि म्हणाले, "आत्याबाई, भात येणार नाही."

"काहून?"

"केलाच नाही."

"आन् पोळी?"

"नाही."

"वरन?"

"नाही. जे ताटात आहे तेवढंच."

आत्यांनी ताटाकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे.

"म्हंजे सगळी डावीच बाजू?"

"हो."

आईने डोळे मिटले. आत्यांनी ताट जवळ ओढलं.

"ह्या होड्या कोनं केल्या?"

"मी."

"टमाट्याचं फूल?"

"मीच. सगळं मीच केलंय."

"मायनं नाई?"

"आई रोडगे कर म्हणत होती."

"माय शहानी हाय," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी होडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला. "काकडीले मीठ कवा लावलं?"

"सकाळी. घरीच."

"म्हनून बुडाल्या. मीठ ऐन वेळी लावा लागते. मानूस पाटावर बसला का मंग लावायचं. सकायी किती वाजता उठली होती?"

"चारला."

"चिराले?"

"हो."

"आन् हे इतकं सगळं कवा झालं?"

"साडेसातला."

त्यांनी मान हलवली. मग सुरू झाले प्रश्न. मी आजवर बऱ्याच मुलाखती दिल्यात, एका शाळेत नोकरीची दिली, नंतर एकदा रेडिओवरही दिली, पण अशी मुलाखत पुन्हा झाली नाही. इळीवर बसता येते का? येतं. किती वेळ? गुडघे दुखतात का? कांदा चिरताना डोळ्याचं पाणी पुसाले उठते का तसंच चिरते? चटनी पाट्यावर वाटते का मिक्सरमध्ये? लिंबाच्या फोडीतून बिया काढते का वाढनाऱ्याच्या भरवशावर सोडते? मी खरं ते सांगत गेले. एवढ्या वेळात त्यांनी मला भाकरी येते का, पुरण येतं का, वरणाला फोडणी कशाची देतेस, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. मला वाटलं, बाईने आशा सोडली, आता नुसता वेळ काढतेय.

"आखी काकडी हाय का?" मधेच त्यांनी विचारलं.

चार होत्या, सजावटीला आणलेल्या. त्यांनी एक सोलली, डाव्या तळहातावर उभी धरली आणि उजव्या हाताने सुरी उचलली. टचटचटच असे तिच्या अंगावर उभे घाव पडत गेले, मग एक आडवा काप, आणि तांदळाच्या दाण्याएवढा चुरा ताटात पडला. चोचवलेली काकडी मी आधी पाहिली नव्हती असं नाही, पण असा वेग पाहिला नव्हता. बोटं आणि पातं यांच्यात कागदाएवढं अंतर राहत होतं.

"धर," त्या म्हणाल्या आणि सुरी माझ्याकडे केली.

मी दुसरी काकडी घेतली.  पहिल्या आठ-दहा घावांना माझा हात अडखळला, मग त्याला लय सापडली. चारपासून साडेसातपर्यंत जो हात चालला होता तो अजून थांबला नव्हता. काकडी संपली तेव्हा आत्यांनी चुरा चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहिला. मग तिसरी काकडी पुढे केली, आणि मग चौथी.

"आता मीठ लाव."

मी मीठ लावलं, लिंबू पिळलं. त्यांनी एक घास खाल्ला, एक माझ्या आईला दिला, आणि माझा उजवा हात ओढून अंगठा उलटासुलटा करून पाहिला.

"हात चालते," त्या म्हणाल्या.

पलीकडून पुरुष येत होते. बाबांच्या मोज्यांना राख लागली होती. बळवंतराव काडीने दात कोरत होते आणि आमच्याकडे पाहणं टाळत होते. मुकुंदच्या पांढऱ्या शर्टावर खिशापासून बटणापर्यंत वांग्याच्या रश्श्याचा लाल ओघळ होता, आणि तो झाकायला त्याने छातीवर हात ठेवला होता.

"लोक सोडतच नव्हते," तो मला हळूच म्हणाला.

"तूच लिहिलं होतंस ना, काहीतरी वेगळं कर म्हणून?"

"वेगळं म्हणजे," तो खाली पाहून म्हणाला, "पोह्यांच्या ऐवजी रोडगे म्हणायचं होतं मला."

 हातात सुरी होती, ती मी बाजूला ठेवली.

"बाई, जेवली का तू?" बळवंतरावांनी बहिणीला विचारलं.

"जेवली."

"काय जेवली?"

"जे होतं ते."

आत्यांच्या ताटातलं रशियन सॅलड साफ झालेलं मला दिसलं, आणि निदान तेवढ्याने मला जरा धीर आला.

घरी पोचलो. आईने ओट्यावरचा डबा उघडला आणि आम्ही दोघींनी गार मसालेभात उभ्याउभ्याच खाल्ला. बाबा आडवे झाले होते. मी दोनदा रडले, एकदा मुकुंदसाठी आणि एकदा साडेतीन तास चिरलेल्या भाज्यांसाठी. दुसऱ्यांदा जास्त रडले.

चौथ्या दिवशी पत्र आलं. मुलगी पसंत आहे.

माझं डोकं त्या दिवसापासून ठिकाणावर राहिलं नाही. आईला मी रोज एकदा तरी ऐकवत होते की बघ, सॅलड जिंकलं. मैत्रिणींना सांगितलं की खेड्यातली माणसंसुद्धा आता नव्या चवींना तयार आहेत. बापटबाईंना पुण्याला पत्र टाकलं, "तुमच्या रशियन सॅलडमुळे माझं लग्न ठरलं." त्यांनी उलट टपाली लिहिलं की पुढच्या वर्षीच्या वर्गात हे सांगायची परवानगी द्यावी. मी दिली.

जूनमध्ये लग्न झालं. आणि लग्नानंतर पाचव्या दिवशी इंगोल्यांच्या घरी सत्यनारायण होता, चाळीस-पन्नास पानं, तीन पंगती. मी सकाळीच न्हाऊन तयार होऊन सासूबाईंपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "रशियन सॅलड करू का?"

गोदावरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"चुलीपाशी कोनी यायचं नाई," त्या म्हणाल्या. "चूल माही हाय. तू मागं बाईपाशी जा. डावी बाजू तुही."

मागच्या पडवीत द्वारकाआत्या विळीवर बसल्या होत्या. एका बाजूला काकड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला कांदे, लिंबं, ओलं खोबरं, मिरच्या. मला पाहताच त्या उठल्या. गुडघे कटकट वाजले. त्यांनी पायानेच विळी माझ्या बाजूला सरकवली.

"बस."

मी बसले.

"एकतीस साल झाले मले या इळीवर," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "वयनीले चूल आन् मले इळी. भांडन नाई, तंटा नाई, वयनी आली त्या दिवसापासून असंच. वयनीनं दोन पोरी पाह्यल्या, दोघीइले चुलीचंच इचारलं. चुलीवर जागा होती काय? जागा होती इथं. म्हनून या टायमाले मी म्हटलं, तुमच्या जीवाले ऊन बाधते, मीच जातो."

मी हातात काकडी घेऊन तशीच बसले.

"म्हणजे उन्हाचा त्रास..."

"तिले काई त्रास नव्हता. मी म्हटलं म्हनून तिले होऊ लागला."

"आणि तुम्ही काय सांगितलंत घरी येऊन?"

"सांगतलं, पोरीले वरनभात येते का नाई ते मले मालूम नाई. पन डावी बाजू ते एकटी उचलते. सकायी चारले उठून चिरते, आन् दुपारी पुन्हा चिराले सांगतलं त तोंड वाकडं करत नाई."

"पण सॅलड? ते तुम्हाला आवडलं होतं ना? रशियन? तुमचं ताट तर साफ होतं."

आत्यांना पहिल्यांदाच हसू आलं. दात थोडेच होते, पण हसू पूर्ण होतं.

"ते पांढरं? बाप्पा. ते कुत्र्याले देल्लं. त्यानंबी आदी इचार केला."

पुण्याला गेलेलं पत्र मला आठवलं. पुढच्या उन्हाळ्यात तीस-चाळीस बायका ते ऐकणार होत्या.

"इतकी वर्षं तुम्हाला नको वाटत होतं तर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"नको काहून वाटन? काम चांगलं हाय. माह्या हातची चटनी खाऊन लोक इचारतात, कोनं केली." त्या टोपलीच्या कडेला बसल्या. "पन काकडीले मीठ ऐन वेळी लावा लागते. पह्यली पंगत बसली का मी इथं. दुसरी बसली का इथं. तिसरी उठली का मंग खालची खरवड घेऊन चुलीमागं बसायचं. डाव्या बाजूच्या मानसाले पंगतीत नाई बसता येत. मले पंगत बसलेली आयकू येते, दिसत नाई. श्लोक आयकू येते." मग त्यांनी हात झटकले. "चल, चोचव. पन्नास पानं हायेत."

मी चोचवायला लागले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. मी स्वतःला शिकलेली, नव्या विचारांची सून समजत होते आणि माझी निवड झाली होती ती बदली कामगार म्हणून. पण हात चालू होता, आणि पाचव्या-सहाव्या काकडीला मला त्या बागेतली आत्या आठवली, सगळे पळून गेल्यावरही मांडीवर हात ठेवून ताठ बसलेली. आम्हाला वाटत होतं तिला भूक लागलीय, किंवा राग आलाय. आता वाटलं, तिच्यासमोर कधी नव्हे ते कुणीतरी आधी ताट वाढलं होतं, आणि ती नुसती बसली होती. मग रागही चोचवला गेला.

पंगतीची हाक आली तेव्हा आत्या पडवीत नव्हत्या. मी काकडीला मीठ लावलं, लिंबू पिळलं, आणि डावी बाजू वाढायला ओसरीवर गेले.

दोन रांगा बसल्या होत्या. मुकुंद होता, माझे बाबा होते, गावातली मोठी माणसं होती. आणि दाराजवळच्या शेवटच्या पाटावर द्वारकाआत्या बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, ओले हात, समोर रिकामं पान.

भाताचं पातेलं घेऊन येणाऱ्या सासूबाई दारात थबकल्या. त्यांनी आत्यांकडे पाहिलं, मग मागच्या पडवीकडे, मग माझ्या हातातल्या वाडग्याकडे.  मला वाटलं, आता काहीतरी होणार.

बळवंतराव मिशीवरून हात फिरवत उठले. "बाई," ते म्हणाले, "तिथं दारात नको. इकडं ये, माह्या बाजूले." आणि स्वतः सरकून त्यांनी जागा केली.

आत्या उठून तिकडे जाऊन बसल्या.  सासूबाईंनी पातेलं फक्त एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मी पहिलं पान आत्यांचंच घेतलं. मीठ, लिंबाची बिया काढलेली फोड, चटणी, काकडी. वाढून झालं तरी मला पुढे जाववेना. वाडगा धरलेल्या माझ्या अंगठ्यावर दोन ताज्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. बाईने माझ्या हातचं खाऊन माझं लग्न ठरवलं होतं आणि मला आता तिचं एक 'बरी झाली' ऐकायचंच होतं.

"आत्याबाई," मी खाली वाकून म्हणाले, "काकडी खाऊन पाहा ना. मीठ बरोबर आहे का?"

आत्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. पाठ ताठ होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या समोरच्या रांगेकडे पाहत होत्या.

"घाई नको करू, पोरी," त्या म्हणाल्या. "भात येऊ दे."